बाळ काचेत असताना आईचं दूध कसं सुरू ठेवायचं

बाळाला काचेत ठेवलंय हे कळलं की सगळं घर बाळामागे धावतं. वडील फाइल घेऊन औषधाच्या खिडकीपाशी, आजोबा पैशांच्या सोयीला, आत्या नाहीतर मावशी एसएनसीयूच्या, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षाच्या, दारात चपलांच्या ढिगाशेजारी. बाळंतीण मात्र दुसऱ्या वॉर्डात, पोटाला टाके, हाताला सलाइन. तिला चहा मिळतो, पेज मिळते, पण या घडीला तिच्याकडे काही काम आहे असं कुणी धरत नाही.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात नवजात शिशू कक्षात परिचारिका आहे. सातव्या महिन्यात, आठव्या महिन्यात झालेली, किलो-सव्वा किलोची बाळं आमच्याकडे नेहमी असतात. ऊब देणारा वॉर्मर, श्वासाला आधार देणारं सीपॅप, अँटिबायोटिक हे सगळं आम्ही पुरवतो. आईचं दूध मात्र आईकडूनच यावं लागतं, आणि छातीशी ओढणारं बाळ नसताना ते आपोआप टिकत नाही. कुणीतरी तिच्या मदतीला बसावं लागतं. म्हणून हे मी बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या माणसासाठी लिहिते आहे. तो नवरा असेल, आई, सासू, बहीण असेल. आमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टरांनीही वाचावं.

एवढा आग्रह कशासाठी, ते आधी सांगते. दिवस न भरलेल्या बाळाचं आतडं कच्चं असतं. त्यात पावडरचं किंवा गाईचं दूध गेलं की पोट फुगणं, आतड्याला सूज येणं, आणि वाईट वेळ आली तर आतड्याचा तुकडाच निकामी होणं, हा धोका वाढतो. डॉक्टर त्याला एनईसी म्हणतात. आईच्या दुधाने हा धोका बराच खाली येतो, अंगात जंतुसंसर्ग पसरण्याचं प्रमाणही कमी होतं. शिवाय लवकर बाळंत झालेल्या बाईच्या सुरुवातीच्या दुधात प्रथिनं आणि संसर्गाशी लढणारे घटक पूर्ण दिवसांच्या बाईच्या दुधापेक्षा जास्त असतात. तिचं दूध त्या कच्च्या बाळासाठीच बनलेलं असतं.

पहिले सहा तास

बाळंत झाल्यावर पहिल्या एक-दोन तासांत दूध काढायला सुरुवात झाली तर उत्तम. सहा तासांच्या पुढे जाऊ देऊ नका. सिझेरियन झालंय, गुंगी आहे, बीपी वाढलंय, म्हणून "उद्या बघू" होतं, आणि तो उद्या कधी कधी तिसऱ्या दिवशी उजाडतो. वार पडली की शरीर दुधाच्या तयारीला लागतं. पहिल्या दोन आठवड्यांत स्तन किती वेळा रिकामे होतात, त्यावर पुढच्या कित्येक महिन्यांचं दूध ठरतं. आईला झटके आले असतील, खूप रक्तस्राव झाला असेल, ती पूर्ण शुद्धीवर नसेल तर आधी तिचा जीव. डॉक्टर हो म्हणाले की लगेच सुरू करा. बाकीच्या आयांना पलंगावरच उशी लावून थोडं उठवून किंवा कुशीवर वळवून दूध काढता येतं. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून पोटाशी चादरीची घडी धरायला द्या.

पहिल्या वेळी दोन-चार थेंब येतात. कधी नुसती ओल दिसते. इथेच घरातलं कुणीतरी म्हणतं, "हिला दूधच नाही." हे वाक्य तिच्यासमोर कुणीही उच्चारायचं नाही. हा चीक आहे. तो घट्ट, पिवळसर आणि मोजकाच असतो. मापाने थोडा, पण बाळाची पहिली लस म्हणावी एवढी संरक्षक द्रव्यं त्यात असतात. काही घरांत चीक पिळून टाकायची रीत अजून आहे. ती मोडा. मध, गुळाचं पाणी, घुटी यातलं काहीही या बाळाला चाटवायचं नाही.

ऊसतोडीला आलेली एक बाई कोपीवरच, म्हणजे तोडीवरच्या झोपडीतच, कळा सुरू होऊन आमच्याकडे आली होती. बाळ जेमतेम किलोभर. सोबत फक्त सासू. मी सुई नसलेली एक मिलिची सिरिंज सासूच्या हातात दिली आणि सांगितलं, मावशी, मी दाबते, थेंब दिसला की तुम्ही सिरिंजने ओढून घ्यायचा. त्यांचे हात कोयत्याने राठ झालेले, सिरिंज केवढीशी. पहिला थेंब बोंडाच्या टोकावर चमकला आणि ओघळायच्या आत त्यांनी तो टिपला. अर्ध्या तासात सिरिंजच्या ०.५ च्या रेषेपर्यंत पिवळा चीक आला, म्हणजे अर्धा मिलि. तो घेऊन मावशी स्वतः एसएनसीयूच्या दारापर्यंत आल्या. त्यानंतर दर तीन तासांनी सुनेला उठवायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. मदतनिसाच्या हातात नेमकं काम दिलं की त्याच्या तोंडची काळजीची वाक्यं आपोआप कमी होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

एवढासा चीक बाळाला लगेच उपयोगी पडतो. बाळाला नळीनेही दूध देता येत नसेल तरी सिस्टर एकेका गालाच्या आतल्या बाजूला ०.१ मिलि चीक लावू शकते, दर तीन-चार तासांनी. तेवढा तर पहिल्या दिवशीही निघतो. म्हणून थेंब निघाला की एसएनसीयूत पाठवा. "साठू दे, मग नेऊ" असं करू नका. सिस्टरला विचारा, "आमच्या बाळाच्या तोंडाला चीक लावणार का?" विचारलं की होतं.

हाताने दूध काढायची रीत

पहिले दोन-तीन दिवस हातच सगळ्यात चांगला. घट्ट चीक पंपाच्या नळ्यांना आणि बाटलीला चिकटून वाया जातो.

आईने साबणाने हात धुवायचे. स्तन दर वेळी साबणाने धुवायची गरज नाही, त्याने कातडी कोरडी पडून चिरते. रोजची आंघोळ पुरे. कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ पंचा दोन-तीन मिनिटं स्तनावर ठेवा. मग बोटांच्या पेरांनी बाहेरून बोंडाकडे हलक्या हाताने गोल गोल चोळा. पाठीमागे बसलेल्या बाईने मानेपासून खांद्यांच्या मधोमध, मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी वरून खाली दाबत न्यायचं. त्याने पान्हा फुटायला चांगली मदत होते, आणि पोरीला कुणीतरी जवळ घेतल्यासारखंही वाटतं.

आता अंगठा काळ्या भागाच्या वरच्या कडेला, पहिली दोन बोटं खालच्या कडेला, बोंडापासून साधारण दोन-तीन सेंटीमीटर मागे. तिथे चाचपलं की तुरीच्या ओल्या शेंगेतले दाणे लागावेत तशा बारीक गाठी लागतात. बोटं तिथेच हवीत. आधी सरळ मागे, छातीच्या फासळ्यांकडे दाबायचं. मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबायची. मग सोडायचं. मागे, दाब, सोड. बोटं कातडीवर घासायची नाहीत, जागेवरच राहू द्यायची. बोंड पिळायचं तर अजिबात नाही. त्यातून दूध येत नाही आणि आईला चटका बसतो. नवख्या बाया आणि त्यांच्या सासवा हमखास बोंडच पिळतात, म्हणून पहिल्या वेळी सिस्टरला शेजारी उभं करून घ्या.

पहिल्या दाबाला काही आलं नाही तर सोडून देऊ नका, एक-दोन मिनिटं जातात. धार किंवा थेंब मंदावले की बोटांची जागा बदला, घड्याळाच्या काट्यासारखी फिरवत चारही बाजू घ्या. एका बाजूला तीन ते पाच मिनिटं, मग दुसरी, परत पहिली, परत दुसरी. एका वेळेला वीस ते तीस मिनिटं लागतात. दुखायला लागलं तर रीत चुकते आहे असं समजा आणि दाखवून घ्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध वाढलं आणि घरची ऐपत असली तर पंप वापरा. दोन्ही बाजूंना एकदम लागणारा विजेचा पंप मिळाला तर पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. काही रुग्णालयांत तो आयांसाठी ठेवलेला असतो, मागून बघा. पंपाचं फनेल आईच्या मापाचं हवं. बोंड कडेला घासून लाल होत असेल तर माप लहान आहे. पंप झाल्यावर पुन्हा दोन मिनिटं हाताने काढा, अजून निघतं आणि ते जास्त सायीचं असतं. औषधाच्या दुकानात मिळणारा रबरी फुग्याचा पंप मात्र घेऊ नका. त्या फुग्याच्या आत दूध जातं, तो नीट धुता येत नाही आणि जंतू वाढतात.

दर तिसरा आकडा

चोवीस तासांत कमीत कमी आठ वेळा. घड्याळात सहा, नऊ, बारा, तीन. परत सहा, नऊ, बारा, तीन. एवढं लक्षात ठेवा. कागदावर लिहून पलंगाजवळच्या भिंतीला चिकटवा आणि प्रत्येक वेळी किती निघालं ते समोर लिहा. एखादी वेळ पुढे-मागे झाली तर बिघडत नाही, पण दिवसाची बेरीज आठच्या खाली जाऊ देऊ नका.

रात्रीची पाळी सगळ्यात आधी बुडते. "दमली आहे, झोपू दे" असं माया करणारंच माणूस म्हणतं. पण दूध तयार करणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्री जास्त असतं. मध्यरात्रीनंतरची एक वेळ तरी चुकवू नका, आणि सलग चार-पाच तासांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. माया दाखवायची तर अशी दाखवा: तीन वाजता तुम्ही उठा, वाटी तयार ठेवा, पंचा कोमट करा, मग तिला उठवा. काढून झालं की वाटी तुम्ही न्या आणि ती लगेच आडवी होऊ दे. दिवसा भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा, म्हणजे ती झोप भरून निघते. नवऱ्यांना मी हे काम मुद्दाम देते. त्यांना वाटतं बाळंतिणीच्या खोलीत आपलं काय काम. पण अलार्म लावणं, भांडं उकळणं, दूध एसएनसीयूत नेऊन देणं, आकडा लिहिणं, हे सगळं ते नीट करतात.

किती निघायला हवं? पहिल्या दिवशी सगळं मिळून काही मिलि. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास छाती भरून येते. सिझेरियन, रक्त कमी असणं, साखर, वाढलेला बीपी, लवकर झालेली प्रसूती यांनी एक-दोन दिवस उशीर लागतो. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रोज ५०० मिलिच्या आसपास पोचायचं असं धरून चाला.

बाळाची गरज सुरुवातीला त्यामानाने फार थोडी असते. किलोभराच्या बाळाला पहिल्यांदा दर दोन तासांनी एखादा मिलि सुरू करतात आणि सोसेल तसं वाढवत नेतात. पुढे पूर्ण दुधावर आलेलं सव्वा किलोचं बाळ दिवसाला साधारण १९० मिलि घेतं. मग आई विचारते, एवढं पुरतंय तर ५०० कशाला? कारण हेच बाळ दोन-अडीच किलोचं होऊन घरी जाईल तेव्हा त्याला जवळपास तेवढं लागेल, आणि पहिल्या दोन आठवड्यांत न बसलेली घडी नंतर बसवणं अवघड जातं.

डॉक्टरांनी पोट फुगलं म्हणून बाळाचं दूध काही दिवस बंद केलं, तरी काढणं बंद करायचं नाही. डीप फ्रीजरची सोय असेल तर साठवा, नसेल तर टाकून द्यावं लागतं. टाकताना जीव तुटतो, मी ते रोज बघते. पण थांबलं तर बाळाला परत दूध सुरू होईल त्या दिवशी छाती कोरडी असते.

भांडं, नाव, वेळ

झाकणाची स्टीलची वाटी सगळ्यात चांगली. साबणाने घासा, पाणी उकळायला लागल्यापासून वीस मिनिटं उकळा, पालथी घालून वाळवा, फडक्याने पुसू नका. रुग्णालय निर्जंतुक केलेल्या वाट्या देत असेल तर त्याच घ्या.

वाटीला चिकटपट्टी लावून आईचं नाव, बाळाचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि काढायची वेळ लिहा. आमच्याकडे प्रत्येक बाळ "बेबी ऑफ" अमुक म्हणून ओळखलं जातं आणि एकाच आडनावाच्या दोन आया एकाच वेळी असणं नेहमीचं आहे. दुधाची अदलाबदल होणं म्हणजे दुसऱ्याचं रक्त चढवण्याइतकी गंभीर गोष्ट मानतो आम्ही. देताना नाव मोठ्याने वाचा, सिस्टरने परत वाचलं की मगच हात सोडा.

ताजं दूध सगळ्यात उत्तम. ते खोलीत झाकून चार तास चालतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये एवढा वेळ ठेवूच नका. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला, दारात नाही, २४ तास. उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये तीन महिने. तुमच्या कक्षाचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळा. गोठलेलं दूध कोमट पाण्यात भांडं ठेवून पातळ करायचं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवायचं नाही, आणि एकदा पातळ केलेलं परत गोठवायचं नाही. ठेवलेल्या दुधावर साय वर येते, दूध निळसर दिसतं. नासलं म्हणून टाकू नका, हळू गोल फिरवून मिसळा.

आई तालुक्याच्या रुग्णालयात आणि बाळ जिल्ह्याला, असं बऱ्याचदा होतं. १०८ची रुग्णवाहिका बाळाला घेऊन जाते, आई मागे राहते. शक्य तितक्या लवकर आईलाच बाळ असलेल्या रुग्णालयात हलवण्याची विनंती डॉक्टरांकडे करा, यासाठी भांडावं लागलं तरी भांडा. तोपर्यंत दूध पाठवताना बर्फाच्या डब्यात, वाटी पिशवीत गुंडाळून, सरळ उभी ठेवून न्या. लसीकरणाला आशाताई आणतात तसला डबा मिळाला तर फार सोयीचं. मोटरसायकलच्या हँडलला पिशवी अडकवून उन्हातून आणलेलं दूध आम्हाला घेता येत नाही, आणि त्या बापाला परत पाठवताना फार वाईट वाटतं.

आईला बाळापाशी न्या

बाळाला बघितलं की पान्हा फुटतो. हे शरीराचं काम आहे, ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकाचं. भीती, वेदना आणि लाज यांनी तेच अडतं. म्हणून सलाइन निघाली की तिला व्हीलचेअरवर बसवून बाळापाशी न्या. जाता येत नसेल तर मोबाइलवर बाळाचा फोटो आणा. आम्ही बाळाच्या अंगाखाली ठेवलेलं, त्याच्या वासाचं स्वच्छ फडकं आईला देतो आणि तिचं फडकं बाळाजवळ ठेवतो. दूध शक्य असेल तर बाळाच्या शेजारीच बसून काढू द्या, पडदा लावून. तिथे जास्त निघतं.

आत जाताना कोपरापर्यंत दोन मिनिटं हात धुवायचे, अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायच्या. हिरव्या चुड्यावर अनेक घरांत अडतं. बाळंतिणीचा हात मोकळा ठेवायचा हे थोरल्या बायांना सोसत नाही. अशा वेळी मी सासूबाईंनाच बोलावते. हाताला साबण लावून एकेक बांगडी न फोडता त्यांनीच उतरवायची आणि स्वतःच्या पदराला बांधून ठेवायची. घरी जायच्या दिवशी त्याच परत भरायच्या. अशी वाट काढली की कुणाचाच विरोध उरत नाही.

डॉक्टर हो म्हणाले की लवकरात लवकर कांगारू पद्धत: डायपर आणि टोपी घातलेलं उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं, वरून चादर बांधलेली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यानंतर लगेच असं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. दुधाला त्याचा फायदा होतोच. आई थकली तर बाबांनी, आजीने छातीशी घ्यावं; त्या वेळेत तिने दूध काढावं.

आणि तिच्या जेवणाचं. हळीव, डिंक, मेथी, खारीक, बाळंतशोपा यांचा खुराक प्रेमाने करा, अंगात ताकद येते. पण हळिवाचा लाडू खाऊन रात्री तीनची वेळ बुडवली तर दूध वाढणार नाही. दूध निघण्याने वाढतं. पाणी तोडणं, नुसता तूप-भात देणं, भाज्या बंद करणं हे सोडा. भाकरी, वरण, पालेभाजी, अंडं, शेंगदाणे, घरी जे शिजतं ते पोटभर द्या, तहानेला पाणी द्या. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवा. टाके दुखत असतील तर डॉक्टरांनी दिलेली वेदनेची गोळी दूध काढायच्या अर्धा तास आधी घेऊ द्या, सहन करण्यात काही पुण्य नाही. मिसरी किंवा तंबाखूची सवय असेल तर तिला एकांतात, न ओरडता सांगा. निकोटिन दुधात उतरतं आणि दूध कमीही करतं. बीपीच्या बहुतेक गोळ्या, बहुतेक अँटिबायोटिक यांच्यामुळे दूध टाकावं लागत नाही, पण चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना दाखवा. आईला टीबी किंवा एचआयव्ही असेल तर निर्णय डॉक्टरांसोबतच घ्या, शेजाऱ्यांच्या सल्ल्याने नाही.

छाती दगडासारखी दाटली, ठणकायला लागली तर काढणं थांबवू नका. आधी कोमट शेक, बोटांनी काळा भाग मऊ करणं, मग काढणं, नंतर थंड पंचा. एका जागी लाल चट्टा आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि तरीही काढत राहा.

दूध खरंच कमी पडलं तर

आधी कागदावरची बेरीज बघा. आठ वेळा होतंय का, रात्री होतंय का, रीत बरोबर आहे का. बऱ्याच वेळा उत्तर तिथेच सापडतं. दूध वाढवायची गोळी दुकानदाराच्या सांगण्यावरून घेऊ नका.

सगळं करून कमी पडलं तर मानवी दुग्धपेढीबद्दल विचारा. आशियातली पहिली अशी पेढी आपल्या मुंबईतच, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. आता आणखी ठिकाणी आहेत. दान करणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिससाठी तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवलं जातं, जंतू तपासले जातात. नात्यातल्या ओल्या बाळंतिणीचं दूध वाटीतून आणून गुपचूप देणं ही वेगळी गोष्ट आहे, ती करू नका. आणि दुग्धपेढीचं दूध मिळालं म्हणून आईने काढणं सोडायचं नाही. आपल्या आईचं ताजं दूध पहिलं, दात्या आईचं दुसरं.

पावडर फक्त डॉक्टरांनी लिहून दिली तर. पावडर दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आयांना फुकट डबे वाटायला १९९२च्या कायद्याने बंदी आहे. कुणी हातात डबा दिला तर घेऊ नका. दीड किलोच्या आतल्या बाळांच्या दुधात डॉक्टर कधी कधी पौष्टिक पूड मिसळायला सांगतात, ती आईच्याच दुधात मिसळायची असते. त्यावरून "हिचं दूध पातळ आहे" असा अर्थ काढून घरभर सांगू नका.

नळीतून बोंडल्याकडे, बोंडल्यातून अंगावर

गरोदरपणापासून मोजून अठ्ठावीस-तीस आठवड्यांच्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं एका तालात जमत नाही, म्हणून पोटात नळी. साधारण बत्तीस ते चौतीस आठवड्यांदरम्यान बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, किंवा वाटी-चमचा. चौतीसच्या पुढे बहुतेक बाळं अंगावर ओढू लागतात. बाटली मधे आणू नका, ती स्वच्छ राखणं अवघड, आणि तिची सवय लागलेलं बाळ छातीशी कुरकुर करतं. बोंडल्याने पाजताना बाळ उभं धरून बोंडल्याची चोच ओठांच्या कडेला टेकवा, ओठ भिजवा, घोट गिळला की पुढचा. ओतायचं नाही.

नळी असतानाच, डॉक्टरांना विचारून, दूध काढून रिकाम्या झालेल्या स्तनाशी बाळाला नुसतं चाटू-चोखू द्या. ठसका लागत नाही आणि सराव होतो. पहिल्यांदा दोन ओढी घेऊन बाळ झोपून जातं. आई रडकुंडीला येते. तिला सांगा की या वयाच्या बाळाला दोन ओढी म्हणजे पुष्कळ. अंगावर पाजून झाल्यावर उरलेलं काढून बोंडल्याने पाजत राहा. बाळ जोमाने ओढू लागलं, वजन चढू लागलं की काढणं हळूहळू कमी करा.

बाळ वाचलं नाही, असंही आमच्याकडे घडतं. दूध मात्र त्यानंतरही येत राहतं, आणि त्या बाईकडे कुणाचं लक्ष नसतं. तिला सांगा की छाती घट्ट आवळून बांधायची नाही. आधार देणारा ब्लाउज, थंड पंचा, वेदनेची गोळी, आणि दाटून आलं की आराम वाटेल एवढंच थोडं काढायचं, दर दिवशी थोडं कमी. काही दिवसांत ओसरतं. लाल चट्टा, ताप आला तर दवाखाना. हे सांगताना तिच्याजवळ बसा, उभ्याने सांगून जाऊ नका.

घरी जाताना

सुट्टीच्या आधी एक-दोन दिवस आई आणि बाळ रात्रंदिवस एकत्र राहतील असं बघा. पाजण्याच्या वेळा, बोंडल्याचं माप, पुड्या आणि थेंब हे सगळं मराठीत लिहून मागून घ्या. बाळ झोपाळू असतं, रडायची वाट पाहू नका, दर दोन-तीन तासांनी स्वतः उठवून पाजा. दिवसाला सहा-आठ वेळा शू होते का बघा. आठवड्याला एकदा एकाच काट्यावर वजन करा. रोजचे साधारण वीस-तीस ग्रॅम वाढायला हवेत. आशाताईंना घरी पोचल्या पोचल्या कळवा, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांच्या घरभेटी ठरलेल्या असतात. बाळाने पिणं कमी केलं, हातपाय गार पडले, सुस्त झालं, श्वास घेताना छाती आत ओढली गेली, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत आला तर सकाळची वाट न बघता १०८ला फोन लावा, आणि बाळाला छातीशी कांगारू पद्धतीने बांधूनच आईला गाडीत बसवा.